खिशातली किल्ली

माझ्या हजेरीपुस्तकात सात वर्षं नऊच नावं होती. माणसं आली-गेली, एका सीएनसीची तीन झाली, गाळ्याचं भाडं दुप्पट झालं. पण दर महिन्याच्या एक तारखेला मी पट्टी घेऊन पान आखायचो ते नऊ ओळींचं. दहावी ओळ आखायला हात धजायचा नाही.

भोसरी एमआयडीसीच्या जे ब्लॉकमध्ये माझा गाळा. अठराशे चौरस फूट, वर पत्रा, दारात एक छोटा टेम्पो जेमतेम उलटा लागेल एवढी जागा. २००६ साली एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधली अकरा वर्षांची नोकरी सोडून मी तो भाड्यानं घेतला. यात विशेष काही नाही. भोसरीतल्या कुठल्याही गल्लीत शिरा, दर तिसऱ्या गाळ्याचा मालक असाच कुठल्यातरी मोठ्या कंपनीतून बाहेर पडलेला निघतो. कुणी टेल्कोत अप्रेंटिसशिप केलेला, कुणी व्हीआरएस घेतलेला. हातात कसब असतं, ओळखीपाळखीनं दोन ऑर्डरी मिळतात, आणि ‘किती दिवस दुसऱ्याची हमाली करायची’ असं म्हणत माणूस स्वतःची हमाली सुरू करतो. माझी सुरुवात दोन जुन्या लेथ आणि एका ड्रिलिंग मशीनवर झाली. २००९ मध्ये कर्ज काढून पहिलं सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं मशीन, आणलं. काम जॉबवर्कचं. चाकणच्या गाडी कंपनीला माल देणारा एक, त्याला माल देणारा दुसरा, आणि त्या दुसऱ्याकडून कच्चा माल आणून टर्निंग-बोअरिंग करून परत देणारे आम्ही. गाडीचं नाव आम्हाला फक्त ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दिसतं.

नऊचं गणित भोसरीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसं झाली की १९४८ चा फॅक्टरी कायदा लागायचा. ईएसआय दहावर. ग्रॅच्युइटी दहावर. वीस झाली की पीएफ. (फॅक्टरी कायद्याची दहाची मर्यादा महाराष्ट्रानं पुढं वीसवर नेली.) काम वाढलं की दहावा, अकरावा, बारावा माणूस ठेकेदाराच्या नावावर यायचा. त्यांची हजेरी वेगळ्या वहीत आणि ती वही टूलच्या कपाटाच्या खालच्या खणात. ठेकेदाराची माणसंही या मोजणीत धरतात, हे कामगार कायद्यांचं बघणाऱ्या कन्सल्टंटनं मला फार उशिरा सांगितलं. किंवा आधीच सांगितलं असेल आणि मला ऐकायचं नसेल.

२०१९ च्या जुलैत केंद्राची आर्थिक पाहणी आली. तिच्यात शंभरपेक्षा कमी कामगार असलेल्या आणि दहा वर्षांहून जुन्या उद्योगांना ‘बुटके’ म्हटलं होतं. लहान मूल आज ना उद्या उंच होतं, बुटका वय वाढलं तरी तेवढाच राहतो, असा रोख. संघटित कारखानदारीत संख्येनं निम्मे उद्योग हे असले, आणि रोजगारातला त्यांचा वाटा मात्र १४ टक्क्यांच्या आसपास. शब्द मला लागला. तेरा वर्षं पहाटे शटर वर करणाऱ्याला दिल्लीत बसून कुणी बुटका म्हणतं, हे काही बरं वाटत नाही. कारण सांगितलं होतं ते मुख्यतः कायद्यांचं: माणसं वाढली की कायदे वाढतात, म्हणून मालक माणसं वाढवत नाही. हे मीही चहाच्या टपरीवर शंभर वेळा बोललो असेन. आता वाटतं, कायदा हे माझं सांगायचं कारण होतं. मनातलं वेगळं होतं.

पहिला माणूस कामावर घेतला तो मामेभाऊ. करमाळ्याकडचा, बारावी नापास, शेतात मन नाही. आई फोनवर म्हणाली, “बाहेरच्यापेक्षा घरचा बरा. हिशेबाला तरी चोख राहील.” हिशेबाला तो चोखच होता, पण सकाळी आठची पाळी त्याला पावणेनऊला लागायची. ओरडलो की संध्याकाळी आईचा फोन, “काय रे, पोराला चारचौघांत बोललास म्हणे?” बाकीची पोरं हे सगळं बघत. त्याच्या उशिराला माफी आणि त्यांच्या उशिराला अर्धा खाडा, हे त्यांनी मनात लिहून ठेवलं असणार. दोन वर्षांनी भांडण होऊन तो गेला. आजही एखाद्या लग्नात समोरासमोर आलो तर दोघंही एकदमच पाण्याच्या पिंपाकडं वळतो.

मग नातं नको म्हणून गेटवर पाटी लावली: ‘पाहिजेत – सीएनसी ऑपरेटर, हेल्पर’. पाटी वाचून औसा तालुक्यातला एक पोरगा आला. चांगला निघाला. महिन्याभरानं म्हणाला, “साहेब, माज्या गावचा एक हाय, कामाला वाघ हाय.” तो आला. मग त्याचा चुलतभाऊ. वर्षाच्या आत एकाच गावची पाच पोरं माझ्याकडं होती. लांडेवाडीत एका खोलीत राहायची, एकाच डब्यात जेवायची. सोय फार. एक आजारी पडला तर दुसरा न सांगता त्याच्या मशीनवर उभा. उचल एकाला दिली तरी वसुलीची जबाबदारी पाचांची. मी खूश होतो, आणि चैत्रात त्यांच्या गावची जत्रा आली. पाचही जण एका रात्रीत गेले. सांगून गेले, रीतसर रजा मागून गेले; पण पाचही. आठ दिवस मी, मामा आणि दोन हेल्पर, असे चौघांनी तीन मशीन ओढली. पाचव्या दिवशी मला मशीनच्या दाराला डोकं टेकून उभ्या उभ्या झोप लागली.

मामा म्हणजे आमचे सेटर. ‘मामा’ हे नाव त्यांना पोरांनी दिलं. वयानं माझ्याहून मोठे, बंद पडलेल्या एका कारखान्यातून आलेले जुने टर्नर. मशीनचा आवाज ऐकून इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, गेला की नाही ते सांगायचे. सेटिंग बदलायचं असलं, म्हणजे एका पार्टवरून दुसऱ्या पार्टवर मशीन न्यायचं असलं, की चक सोडणं, जॉ लावून बोअर करणं, टूलचं झीरो घेणं, हे सगळं तेच करायचे. मात्र ते काम चालू असताना ते मशीनकडं तोंड आणि दुनियेकडं पाठ करून उभे राहायचे. पोरगा बाजूनं डोकावला की, “जा, कूलंट बघ जरा.” मला त्यात काही खटकत नसे. उलट बरंच वाटायचं. शिकवलेला पोरगा दोन हजार जास्त मिळाले की पलीकडच्या गल्लीत जातो, ही आमची सगळ्यांची रड. असोसिएशनच्या एका बैठकीनंतर चहा पिताना एक जुने कारखानदार मला कानात सांगावं तसं म्हणाले होते, “बारा आणे शिकवायचं. चार आणे आपल्याकडं ठेवायचे.” मी ते गुरुमंत्रासारखं धरून बसलो. प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घरी. ड्रॉइंग कपाटात. आणि किल्ली खिशात.

किल्लीचं नंतर सांगतो. त्याआधी ब्रेक.

सलग वर्षात २४० दिवस काम भरलं की कामगाराला नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय काढता येत नाही, हे आमच्याकडं ज्याला बाकी काही येत नाही त्यालाही येतं. म्हणून सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’. पंधरा दिवस घरी बस, मग नवीन हजेरी. नाव तेच, तारीख नवी. मीही हेच करायचो. त्या औशाच्या पहिल्या पोराला तीनदा ब्रेक दिला. तिसऱ्या वेळी तो परत आलाच नाही. रस्त्याच्या पलीकडं, तीन गाळे सोडून लागला. मी म्हटलं, गेला तर गेला, पाटी आहे की गेटवर.

आता यात काय गेलं ते ऐका. आमचं दोन नंबरचं मशीन सेकंडहँड होतं. सकाळी गार असताना पहिला अर्धा तास त्याचा बोअर दहा-बारा मायक्रॉननं इकडंतिकडं जायचा; गरम झालं की जागेवर. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नव्हतं. मला ढोबळ माहीत होतं, पण त्या पोराला नेमकं माहीत होतं. तो पाळी सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं येऊन मशीन नुसतं फिरवत ठेवायचा, चहा प्यायचा आणि मग पहिला जॉब चकमध्ये धरायचा. लवकर यायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे पैसेही मी देत नव्हतो. तो गेल्यावर नवीन ऑपरेटर आठच्या ठोक्याला यायचा आणि आठ वाजून एक मिनिटानं पहिला पीस. रोज सरासरी आठ पीस बाद. मी त्याला बावळट म्हणायचो. अडीच-तीन महिन्यांनी सौभाग्यवतींनी हिशेब काढला (हिशेब तीच बघते): पिसाला बत्तीस रुपये धरले तर महिन्याला साडेसहा हजारांच्या वर. त्या पोराचा पगार नऊ हजार होता. तेव्हाच्या दरानं मालकाचा ईएसआय ४.७५ टक्के, म्हणजे सव्वाचारशे रुपये. वर पीएफ भरला असता तरी बारा टक्के, एक हजार ऐंशी. सगळं मिळून दीड हजार वाचवायला मी साडेसहा हजार घालवत होतो. हिनं कागद माझ्यासमोर ठेवला आणि काही बोलली नाही. बोलली असती तर वाद तरी घालता आला असता.

तरीही मी शहाणा झालो नाही.

फॅनकचा कंट्रोल ज्यांनी बघितला आहे त्यांना पॅनेलवरची ती छोटी किल्ली माहीत असेल. मेमरी प्रोटेक्ट. ती बंद बाजूला फिरवून काढून घेतली की मशीन चालतं, पण प्रोग्रॅमला हात लावता येत नाही; आमच्या मशीनवर तर टूलचे ऑफसेटही (माप बारीक सुधारायचे आकडे) बदलता येत नसत. दिवसपाळीला किल्ली मामांकडं आणि रात्री माझ्याकडं. रात्रीच्या ऑपरेटरनं करायचं काय, तर जॉब लावायचा, बटण दाबायचं, गेज लावून बघायचं, ठरल्या पिसांनंतर इन्सर्ट फिरवायचा. बाकी काही लागलं तर मला फोन. आणि मशीन बंद ठेवायचं नाही, ही सक्त ताकीद.

२०१४ चा फेब्रुवारी. मामा गावी, घरी दुखवटा. मी नगरला पुतणीच्या लग्नात, हळदीची रात्र. मशीनवर एका बुशचं काम होतं, बोअर २२ एच ७. म्हणजे बावीस मिलिमीटर आणि वर जास्तीत जास्त एकवीस मायक्रॉन. प्लग गेजची ‘गो’ बाजू आत गेली पाहिजे, ‘नो-गो’ जाता कामा नये. साडेदहाला ऑपरेटरनं नियमाप्रमाणं इन्सर्ट फिरवला. नवीन कोपरा जरा पुढं बसला आणि बोअर तीसच्या आसपास गेला. नो-गो सुळकन आत. उपाय काय? ऑफसेटमध्ये दोन शतांश कमी करायचे. दहा सेकंदांचं काम. दुसरी-तिसरी खेप असली तरी आयटीआयचा पोरगा डोळे मिटून करेल. पण किल्ली नगरला, माझ्या पँटच्या खिशात. पँट खुंटीला, मी झब्ब्यात, फोन कुठल्यातरी खोलीत चार्जिंगला.

सकाळी बघतो तर अकरा मिस्ड कॉल.

गाळ्यावर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. ४३० बुश बाद. मोठा बोअर परत लहान करता येत नाही, सगळे भंगारात. एका बुशच्या कामाचे मला मिळायचे चौदा रुपये. कच्चा माल गिऱ्हाइकाचा, त्यामुळं डेबिट नोट आली ती पन्नास हजारांच्या पुढं. मी त्या पोरावर जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “फोन लावून लावून दमलो साहेब, लागंना तुमचा. आन् मशीन तर बंद ठेवायचं न्हाई म्हणलात.” मला आठवलं, महिन्याभरापूर्वी असाच संशय आला म्हणून त्यानं रात्री दोन तास मशीन थांबवलं होतं आणि मी त्याचा ओव्हरटाइम कापला होता.

नंतर कोपऱ्यात बघितलं. साडेदहाच्या पुढचा सगळा माल त्यानं वेगळ्या क्रेटमध्ये लावून ठेवला होता, ओळीनं, जसा निघाला तसा. क्रेटवर खडूनं लिहिलं होतं: ‘बघा’. म्हणजे त्याला पहिल्या पिसापासून कळलेलं होतं. रात्रभर तो माहीत असून खराब माल काढत बसला होता, कारण माझ्याकडं नोकरी टिकवायची तर तेच करायला लागत होतं.

गिऱ्हाइकाच्या क्वालिटी विभागानं बोलावलं. छापील फॉर्म असतो, त्यात ‘का?’ असा प्रश्न पाच वेळा विचारून मूळ कारणापर्यंत जायचं असतं. मी पाचव्या चौकटीत लिहून नेलं: ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. समोर बसलेला इंजिनिअर माझ्या निम्म्या वयाचा होता. त्यानं वाचलं, पेन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “सर, किल्ली कुणाकडं होती?” मी सांगितलं. तो सहावी चौकट नाही म्हणून हसला. मग त्यानं ड्रॉवरमधून माझ्याच कारखान्याचा स्किल मॅट्रिक्स काढला. ऑडिटला लागतो म्हणून आम्ही भरून देत असतो: डावीकडं माणसांची नावं, वर कामं, आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचं एक वर्तुळ. नुसती माहिती असेल तर पाव काळं, दुसऱ्याला शिकवण्याइतकं येत असेल तर पूर्ण. माझ्या कागदावर पूर्ण काळी वर्तुळं दोनच ओळींत होती, मामांच्या आणि माझ्या. बाकी सात ओळींत पाव, फार तर अर्धं. आणि तीही मी खोटीच भरलेली. तो म्हणाला, “तुम्हाला आणखी चार पार्ट द्यायचे असं आमच्यात गेल्या वर्षीच ठरत होतं. पण तुम्ही दोघांपैकी एक जण आजारी पडला तर आमची लाइन थांबेल.”

गेलं वर्षभर मी बायकोला सांगत होतो की बाजारात काम नाही.

त्यानंतर जे केलं त्याला मी सुधारणा वगैरे म्हणणार नाही. पन्नास हजारांचा चटका बसला होता आणि चार पार्ट डोळ्यांसमोर नाचत होते. किल्ली पॅनेललाच लावून ठेवली. पहिले पंधरा दिवस मी रात्री एकला उठून गाळ्यावर चक्कर मारायचो. ऑफसेट कुणी, कधी, कितीनं बदलला हे लिहायला मशीनशेजारी वही टांगली. चुका झाल्या, एकानं ०.०५ च्या जागी ०.५ टाकलं आणि टूल जॉबवर आदळलं, सात हजारांचा बोअरिंग बार गेला. त्या दिवशी गप्प राहायला जेवढी ताकद लागली तेवढी गेल्या वीस वर्षांत कशालाच लागली नसेल.

मामांचं प्रकरण अवघड होतं. त्यांना सांगितलं, दोन पोरांना सेटिंग शिकवा. ते हो म्हणाले आणि पाठ करून उभे राहिले. महिना गेला. एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, आणि ते खाली बघत म्हणाले, “साहेब, मागच्या कारखान्यात मी दोघांना शिकवलं. तिसऱ्या महिन्यात मला नारळ दिला. माझ्या पगारात ते दोघं येत होते.” मला तोवर वाटायचं, शिकवायची भीती फक्त मालकाला असते. मी त्यांना लेखी पत्र दिलं, कायम केल्याचं, आणि प्रत्येक तयार सेटरमागं पगारात वाढ. पत्र त्यांनी घडी करून विठोबाच्या तसबिरीमागं ठेवलं. पुढच्या आठवड्यात सेटिंग करताना ते पहिल्यांदा बाजूला सरकले.

२०१५ च्या एप्रिलमध्ये दहावी ओळ आखली. एकदम तेरा नावं, ठेकेदाराच्या वहीतली धरून. ईएसआयचं रजिस्ट्रेशन केलं. पोरांना आनंद वगैरे झाला नाही. पगारातून पावणेदोन टक्के कापले म्हणून कुरकुरच झाली. “हातात किती येणार ते सांगा,” हा एकच प्रश्न. पुढं एकाच्या बायकोचं बाळंतपण चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयात झालं, सिझेरियन, बिल शून्य. मग कुरकुर थांबली. (२०१९ पासून दर उतरलेत, कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन.) ब्रेक बंद केला. कन्सल्टंटनं मला वेड्यात काढलं, त्याचंही बरोबर असेल.

तपासणीसाठी बायका घ्याव्यात हे हिचं म्हणणं. डोळा बारीक, गेजचं काम शांतपणे करतात, शिवाय इंद्रायणीनगरात बचत गटातल्या कितीतरी बायका काम शोधत होत्या. मी दोन वर्षं टाळत होतो, आणि कारण सांगायला लाज वाटते: गाळ्यात धड संडास नव्हता. पुरुष माणसं कुठंही जात. स्वतंत्र संडास बांधायला अठ्ठेचाळीस हजार लागले आणि त्याच महिन्यात दोघी कामावर आल्या. त्यातली एक बचत गटाची वही सांभाळणारी. तिनं तिसऱ्याच दिवशी ऑफसेटच्या वहीत प्रत्येक तासाला पहिल्या पिसाचं माप लिहायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. रिकामी चौकट बघवत नाही म्हणाली. त्या मापांवरूनच आम्हाला कळलं की दोन नंबरचं मशीन दुपारच्या जेवणानंतरही गार होतं.

चारपैकी तीन पार्ट मिळाले. २०१९ पर्यंत सात मशीन, दुसरा गाळा, बावीस माणसं. मग त्याच वर्षी गाड्यांचा बाजार बसला, आणि पुढच्या मार्चात लॉकडाउन. त्याबद्दल सगळ्यांनी लिहिलं आहे. आमच्याकडं जूनमध्ये शटर वर झालं तेव्हा बावीसपैकी चौदा जण हजर होते. शेजारच्या गाळ्यात, जिथं सगळी माणसं ठेक्याची होती, तिथं मालक स्वतः मशीनवर उभा होता. मी त्याला दोन पोरं आठवडाभर दिली. त्याबद्दल फार पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही. काही वर्षांपूर्वी मशीनच्या दाराला डोकं टेकून झोपणारा मीच होतो.

सगळं काही गोडच झालं असं नाही. मामांनी तयार केलेल्या पहिल्या दोन सेटरांपैकी एकानं २०२२ मध्ये कुदळवाडीच्या बाजूला स्वतःचा गाळा टाकला आणि जाताना माझं एक लहान गिऱ्हाईक घेऊन गेला. महिन्याला साठ-सत्तर हजारांचं काम. म्हणजे ‘बारा आणे’वाले ते जुने कारखानदार अगदीच खोटं बोलत नव्हते. मी खूप चिडलो, कोर्टाची भाषाही केली. सौभाग्यवती म्हणाली, “तुम्ही २००६ ला काय रिकाम्या हातानं निघाला होतात का?” नव्हतो. पहिल्या दोन ऑर्डरी कुठून आल्या होत्या हे तिला माहीत आहे. तरी राग पूर्ण गेलेला नाही. खंडेनवमीला तो मामांच्या पाया पडायला येतो, मशीनला हळदकुंकू लावून जातो, माझ्याशी बोलतो. मी दोन शब्दांत आटपतो.

अप्रेंटिसची केंद्राची योजना आहे, विद्यावेतनातला पाव हिस्सा, महिन्याला दीड हजारांपर्यंत, सरकार देतं. चार ते एकोणतीस माणसांच्या कारखान्याला सक्ती नाही, ऐच्छिक आहे. त्यामुळं आमच्यासारखे तिकडं फिरकत नाहीत. मी दोन घेतले. एक जण वर्ष संपताच चाकणला गेला. दुसरी मुलगी आहे, आयटीआयची मशिनिस्ट, जुन्नरकडची. ती राहिली.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी साडेतीनला पाच नंबरचं मशीन बंद दिसलं. सहाला डिस्पॅच, गिऱ्हाइकाचा टेम्पो निघालेला. त्या मुलीनं थांबवलं होतं; बोअर अठरा मायक्रॉन जास्त येतोय म्हणाली. सेटर आला, इन्सर्ट काढला, परत लावला, पुन्हा बघितलं. पाऊण तास गेला. शेवटी कळलं की मशीन ठीक, माल ठीक. बोअर गेजचं झीरोच घसरलं होतं, सकाळी कुणाच्या तरी हातून पडला असावा. टेम्पो अर्धा माल घेऊन गेला. खरेदी विभागाचा फोन आला, मी नको ते ऐकून घेतलं.

फोन ठेवून बाहेर आलो तर ती मशीनपाशी उभी, चेहरा उतरलेला. मास्टर रिंग लावून गेजचं झीरो नव्यानं घेत होती.

“सर, चूक माझीच. आधी गेज तपासायला हवा होता.”

“हं.”

“उद्या परत शंका आली तर थांबवू का?”

माझा हात आपोआप पँटच्या खिशात गेला. तिथं आता स्कूटरची किल्ली असते.

“थांबव,” मी म्हणालो. म्हणायला जरा वेळ लागला.